फ्रेडरिक डग्लस यांचे युरोपातील वास्तव्य



महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो त्यांनी अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. कारण त्या लोकांनी आपल्या देशातील कृष्णवर्णीय गुलामांना मुक्त करण्यासाठी स्वार्थत्याग केला होता. ही अर्पणपत्रिका आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु मुक्त करणाऱ्यांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वाटा स्वतःच्या मुक्तीसाठी झगडणाऱ्यांचा होता, आणि त्यांची नावे मात्र आपल्या घरांतून क्वचितच ऐकू येतात. त्यांपैकी अग्रगण्य पुरुष फ्रेडरिक डग्लस यांच्या चरित्राचा एकच भाग मी आज आपणापुढे ठेवणार आहे. तो म्हणजे त्यांचे युरोपातील वास्तव्य.

डग्लस यांचा जन्म १८१८ साली मेरीलँड संस्थानात गुलाम आईच्या पोटी झाला. १८३८ च्या सप्टेंबरात खलाशाचा वेष करून आणि दुसऱ्याचे कागदपत्र जवळ बाळगून ते बाल्टिमोरहून उत्तरेकडे निसटले. उत्तरेत गुलामगिरी नव्हती. विटाळ मात्र होता. जहाजाच्या फळ्यांमधील फटी बुजविण्याचे कसबी काम त्यांना उत्तम येत असे. पण त्यांना त्या कामावर घेतले तर गोरे कारागीर काम सोडून जातील, असे न्यू बेडफर्ड बंदरात त्यांना सांगण्यात आले. तेव्हा या कुशल कारागिराने लाकडे फोडली, कोळसा वाहिला. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे एवढ्या कारणावरून ज्यांच्या वाडवडिलांना विणकामाच्या खात्याबाहेर ठेवण्यात आले, त्यांना हे अधिक उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

१८४५ च्या मे महिन्यात डग्लस यांनी आपले आत्मचरित्र बोस्टन येथे प्रसिद्ध केले. इतके शुद्ध आणि ओजस्वी बोलणारा मनुष्य कधी काळी गुलाम असेल, यावर लोकांचा विश्वास बसेना. म्हणून त्यांनी धन्यांची खरी नावे आणि खरी स्थळे लिहून टाकली. याचा परिणाम उघड होता. कायद्याने ते अद्याप दुसऱ्याच्या मालकीची वस्तू होते, आणि आता धन्याला त्या वस्तूचा पत्ता कळला होता. मित्रांच्या सल्ल्याने, पत्नी ॲना व चार मुले यांना लिन गावी ठेवून, १६ ऑगस्ट १८४५ रोजी त्यांनी ‘केंब्रिया’ नावाच्या आगबोटीने अमेरिकेचा किनारा सोडला.

बोटीवर त्यांना वरच्या वर्गाची खोली नाकारण्यात आली. खालच्या वर्गात जागा मिळाली. प्रवासाच्या अखेरीस कप्तानाच्या निमंत्रणावरून ते गुलामगिरीविषयी बोलावयास उभे राहिले. तेव्हा काही अमेरिकन प्रवाशांनी दंगा मांडला आणि त्यांना समुद्रात फेकण्याची भाषा केली. कप्तानाने दंगेखोरांनाच बेड्या घालण्याची धमकी दिली, तेव्हा गलबला शांत झाला. २८ ऑगस्टला बोट लिव्हरपूलला लागली.

लिव्हरपूलजवळ ईटन हॉल म्हणून एका उमरावाचा प्रासाद होता. तो पाहण्यासाठी डग्लस गेले, तो दाराशी त्याच बोटीवरील काही अमेरिकन उभे! दार उघडेपर्यंत सर्वांनाच तिष्ठावे लागले आणि दार उघडल्यावर गोऱ्यांबरोबर हा काळा मनुष्यही त्याच दाराने आत गेला. नोकरांनी एकाला जितक्या अदबीने वागविले तितक्याच अदबीने दुसऱ्याला. त्या अमेरिकनांच्या चेहऱ्यावरचा संताप डग्लस यांनी मोठ्या मिस्किलपणे वर्णिला आहे.

परंतु त्यांच्या मनाची खरी उलथापालथ आयर्लंडात झाली. १ जानेवारी १८४६ रोजी बेलफास्ट येथून त्यांनी आपले सहकारी विल्यम लॉईड गॅरिसन यांना एक पत्र लिहिले. त्या पत्रात पराक्रमाची एकही गोष्ट नाही. भाड्याची गाडी केली आणि गोऱ्या माणसाशेजारी बसलो; उपाहारगृहात त्याच दाराने गेलो, त्याच दिवाणखान्यात बसलो, त्याच मेजावर जेवलो आणि कोणाचे काही बिघडले नाही, एवढेच ते सांगतात. त्याबरोबर ते आठवण करून देतात की, अमेरिकेत प्राण्यांचे प्रदर्शन पाहावयास गेलो तरी, आगबोटीवर चढलो तरी, फार काय देवाच्या प्रार्थनेला गेलो तरी, दारावरचा मनुष्य एकच वाक्य म्हणत असे: तुमच्यासारख्यांना येथे प्रवेश नाही.

बंधूंनो, ज्याला कधी दारावर अडविले नाही त्याला या पत्रात काही विशेष वाटणार नाही. दार सर्वांसाठी उघडेच असते असे त्याला वाटते. ज्याला अडविलेले आहे त्यालाच कळते की, जे आपल्या जन्माला चिकटलेले म्हणून सांगितले गेले ते जन्माला चिकटलेले नसून केवळ त्या दाराला चिकटलेले होते. बाबासाहेबांनीही आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, युरोप-अमेरिकेतील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव त्यांच्या मनातून पार पुसून गेली होती. १९१७ साली बडोद्यास उतरताच, राहावयाचे कोठे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

डग्लस मात्र या सन्मानाने भुलून गेले नाहीत, ही त्यांची थोरवी होय. आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला तो याच १८४५ च्या शरद ऋतूत. पुढे त्यातून भीषण दुष्काळ उद्भवला. डब्लिनचे रस्ते भिकाऱ्यांनी भरलेले त्यांनी पाहिले. मातीच्या बिनखिडकीच्या खोपटात ते वाकून शिरले. आत गवताची शेज आणि भिंतीवर क्रुसावरील ख्रिस्ताचे एक चित्र. हे दैन्य पाहून आपल्याला आपल्या पूर्वस्थितीची आठवण झाली, असे त्यांनी लिहिले आहे. तरीही, आयरिश मजूर आणि अमेरिकन गुलाम एकच, असे कोणी म्हणू लागला की ते तत्काळ त्याला थांबवीत. आयरिश मनुष्य उपाशी असेल. पण त्याची बायको, त्याची मुले आणि त्याचे शरीर बाजारात विकले जात नाही. तो सभा भरवू शकतो, देश सोडून जाऊ शकतो. दारिद्र्य आणि दास्य यांतील हा भेद त्यांनी कधी पुसू दिला नाही. आपल्याकडेही, प्रश्न केवळ गरिबीचा आहे, असे सांगणारे विद्वान भेटतात. त्यांना हा भाग वाचावयास द्यावा.

पुढे स्कॉटलंड. तेथे १८४३ साली मूळ चर्चमधून फुटून ‘फ्री चर्च’ स्थापन झाले होते आणि त्याने अमेरिकेतून सुमारे ३,००० पौंड वर्गणी गोळा केली होती. त्या पैशांत गुलामांच्या धन्यांचाही पैसा होता. माणसे विकून आलेल्या पैशाने प्रार्थनामंदिरे बांधावयाची काय? ‘पैसे परत पाठवा’ ही घोषणा १८४६ साली एडिंबरोपासून डंडीपर्यंत दुमदुमली. भिंतींवर ती लिहिली गेली, पोरे ती रस्त्यातून ओरडत फिरली. चर्चने पैसे अखेरपर्यंत परत केले नाहीत. पण धर्मसंस्थेला तिच्या देणगीचा हिशेब चारचौघांत विचारता येतो, एवढे लोकांना कळले.

आता सर्वांत नाजूक प्रसंग. न्यूकॅसलच्या एलन रिचर्डसन आणि त्यांची भावजय ॲना या दोघी क्वेकर भगिनींनी वर्गणी जमवून डग्लस यांचे स्वातंत्र्य विकत घेण्याचे ठरविले. धनी ह्यू ऑल्ड याने १५० पौंड, म्हणजे ७११ डॉलर व ६६ सेंट, घेतले आणि १८४६ च्या डिसेंबरात बाल्टिमोर येथे मुक्तिपत्राची नोंद झाली. यावर त्यांचेच काही सहकारी खवळले. पैसे दिले म्हणजे माणसावर मालकी असू शकते हे मान्य केले, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप तर्काला धरून होता, हे मान्य केले पाहिजे. डग्लस यांचे उत्तर असे की, दरोडेखोराने धरून नेलेल्या माणसाला सोडविण्यासाठी खंडणी दिली, म्हणून दरोडेखोराचा हक्क सिद्ध होत नाही. मला विचाराल तर, आक्षेप घेणाऱ्यांपैकी कोणाच्याही मागावर माणसे पकडणारे लागलेले नव्हते, हेही विसरू नये. तत्त्वाची किंमत दुसऱ्याच्या पाठीने चुकवणे फार सोपे असते.

मित्रांनी त्यांना इंग्लंडातच राहण्याचा, कुटुंबालाही आणविण्याचा आग्रह केला. मान होता, सुरक्षितता होती. मुलांच्या डोळ्यांदेखत बापाचा अपमान होण्याचे भय नव्हते. अशा वेळी नाही म्हणणे किती कठीण असते, याचा विचार येथे बसलेल्या माता अधिक चांगला करू शकतील. ३० मार्च १८४७ रोजी लंडन येथील निरोपाच्या सभेत डग्लस यांनी सांगितले की, आपले तीस लाख बांधव अद्याप साखळदंडात आहेत आणि आपण त्यांच्याकडे परत जात आहोत.

परतीसाठी त्यांनी लंडनमध्ये ‘केंब्रिया’ याच बोटीचे पहिल्या वर्गाचे तिकीट काढले होते. लिव्हरपुलास पोहोचल्यावर त्यांना सांगण्यात आले की, एकट्याने जेवणार असाल आणि इतर प्रवाशांत मिसळणार नसाल तरच जाता येईल. हे इंग्लिश बंदरात, इंग्लिश बोटीवर! अमेरिकन गिऱ्हाइकांची मर्जी राखण्यासाठी त्यांच्या रूढीला येथे थारा मिळाला होता. डग्लस यांनी ‘टाइम्स’ पत्राला हकीकत लिहून कळविली. वृत्तपत्रांतून गहजब झाला आणि बोटीचे मालक सॅम्युएल क्युनार्ड यांना जाहीरपणे खेद व्यक्त करावा लागला. इंग्रज मित्रांनी दिलेल्या निधीतून डग्लस यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात रॉचेस्टर येथे ‘नॉर्थ स्टार’ हे स्वतःचे पत्र काढले.

त्यानंतर ते दोनदा युरोपास गेले. १८५९ साली इंग्लंडात असताना त्यांना पॅरिसला जावयाचे होते. परंतु लंडनमधील अमेरिकन वकिलाने, तुम्ही अमेरिकेचे नागरिकच नाही, असे म्हणून पारपत्र नाकारले. परवाना दिला तो फ्रेंच वकिलाने. पण १८६० च्या मार्चमध्ये दहा वर्षांची धाकटी कन्या ॲनी वारल्याची वार्ता आली आणि पॅरिस तसेच राहिले.

ते त्यांनी पाहिले १८८६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. तोपर्यंत गुलामगिरी गेली होती, १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने त्यांचे नागरिकत्व निर्विवाद झाले होते, आणि त्यांच्या सोबत त्यांची दुसरी पत्नी हेलन होती. ती गोरी असल्यामुळे त्या विवाहाबद्दल त्यांना दोन्ही समाजांचे बोल खावे लागले होते. पॅरिसहून रोमकडे जाताना म्हातारा खिडकीतून एकसारखा माणसे न्याहाळीत होता. जसजसे दक्षिणेस जावे तसतसे केस काळे होत जातात, वर्ण सावळा होत जातो आणि बायका डोक्यावर ओझी घेऊन चालू लागतात, असे त्यांनी टिपून ठेवले आहे. गोऱ्यांचा मुलूख नेमका कोठे संपतो आणि काळ्यांचा कोठे सुरू होतो, ती रेषा त्यांना त्या साऱ्या वाटेवर कोठेच आढळली नाही.