नियम, मत आणि गालावरची चमकी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी आपले उभे आयुष्य या शाळेच्या मैदानावर वेचले. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानाचे निमंत्रण मिळाले, तेव्हा मराठीचा हा जुना मास्तर संतवाङ्मयावर किंवा खानदेशच्या बोलीवर काही सांगेल, अशी संयोजकांची अपेक्षा असावी. मी विषय कळविला : मुलींच्या जिम्नॅस्टिक्स स्पर्धांतील रंगभूषा आणि चमकी. दूरध्वनीवर पलीकडचे गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. त्यांचे मौन मला समजले. विषय पोरकट वाटतो. परंतु या विषयात माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती गुरुजींच्या स्मृतीसमोर सांगितल्याशिवाय मला स्वस्थता लाभणार नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका आंतरशालेय स्पर्धेला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. नवागामच्या आपल्या वस्तीतील एक दहा-अकरा वर्षांची मुलगी बॅलन्स बीमवर चढण्याच्या तयारीत होती. तिच्या दोन्ही गालांवर बारीक चमकी होती आणि पोशाखाच्या गळ्याशी साडीवर लावतात तसले खडे. एक संयोजक पुढे झाले व सर्वांदेखत म्हणाले, "हे नियमात बसत नाही. पुसून ये." मुलगी गोंधळली. तेव्हा कोणी विचारलेले नसतानाही मी मोठ्याने बोललो, "बाळ, हा खेळ आहे, तमाशा नाही." आजूबाजूचे लोक हसले. मागून एक बाई पुढे आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "आबा, ते मी लावलं. पोरीला बोलू नका." ओल्या रुमालाने गाल पुसून, लाल झालेल्या चेहऱ्याने ती मुलगी बीमवर चढली आणि दुसऱ्याच उडीला खाली आली.

बीमची रुंदी असते अवघी १० सेंटिमीटर, लांबी ५ मीटर आणि जमिनीपासून उंची १२५ सेंटिमीटर. पावलाएवढ्या रुंदीवर उभे राहणाऱ्या मुलीचे चित्त किती स्थिर असावे लागते, हे वेगळे सांगायला नको. ते मी विचलित केले.

घरी आल्यावर स्पर्धेचे माहितीपत्रक काढून वाचले. रंगभूषेविषयी त्यात एकही ओळ नव्हती! 'नियमात बसत नाही' हे त्या गृहस्थांचे मत होते. 'तमाशा नाही' हे माझे. दोन मतांनी नियमाचा अंगरखा चढविला आणि त्याचा दंड एका लहान मुलीने भरला. आजच्या व्याख्यानाचे सूत्र एवढेच आहे : नियम आणि मत यांत अंतर असते, आणि ते अंतर राखण्याची जबाबदारी मोठ्यांची असते.

मग खरे नियम काय आहेत, याचा मी शोध घेतला. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाची गुणांकन-संहिता असते. आर्टिस्टिक प्रकारात मुलींचा पोशाख खेळाला साजेसा व अपारदर्शक असावा लागतो. बांगड्या व गळ्यातले चालत नाहीत, कानात लहानशी कुडी तेवढी चालते. रिदमिक प्रकार, जो १९८४ साली लॉस एंजलिसला ऑलिंपिकमध्ये आला, त्याच्या संहितेत केस नीट बांधलेले आणि रंगभूषा स्वच्छ व हलकी असावी, नाटकी मुखवट्यासारखा चेहरा रंगवू नये, असे म्हटलेले आढळते, उल्लंघनाला ०.३० गुणांची कपात. अमेरिकेतील शालेय चीअर या खेळाच्या नियमांत अंगाला किंवा पोशाखाला पक्की न चिकटणारी चमकी वर्ज्य आहे. या नियमांचा सूर पाहा. तेथे मुलीच्या शीलाची चर्चा नाही. काय चालेल, काय चालणार नाही आणि किती गुण जातील, एवढेच आहे.

यामागे कारणेही आहेत. बाजारात मिळणारी बहुतेक चमकी म्हणजे पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्यावर अॅल्युमिनियमचा मुलामा चढवून केलेला चुरा. हस्तकलेची चमकी डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो. गळून पडलेले खडे पुढच्या मुलीच्या तळव्याखाली येतात. तेलकट प्रसाधन बोटांना लागले की दांड्यावरची पकड सुटण्याची भीती. खेळाडू मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड हाताला चोळतात, ती हात कोरडा राहावा म्हणूनच. आपल्या मल्लखांबाला एरंडेल लावतात ते अंग सोलवटू नये म्हणून. खेळातल्या प्रत्येक लेपाला काही काम असते. युरोपीय संघाने २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंधन आणले, ते पर्यावरणाच्या काळजीने. तेव्हा त्या दिवशी गळणाऱ्या चमकीला हरकत घेणे मुळात गैर नव्हते. "बाळ, ही डोळ्यात जाईल, बाजूला येऊन पुसू या," एवढे म्हटले असते तर तो नियम झाला असता. मी 'तमाशा' म्हटले आणि त्याचा अपमान झाला.

या शब्दाचाही हिशेब मला द्यायचा आहे, कारण शब्द हाच माझा व्यवसाय. जन्मभर मी वर्गात सांगत आलो की तमाशा ही महाराष्ट्राची थोर लोककला आहे. राष्ट्रपती पुरस्काराने गौरविलेल्या विठाबाई नारायणगावकरांचे नाव आदराने घेत आलो. आणि एका मुलीला गप्प करण्याची वेळ आली, तेव्हा तोच शब्द शिवी म्हणून माझ्या तोंडून निघाला. आपल्या भाषेत केस चापूनचोपून विंचरले तर ती 'टापटीप' आणि गालाला रंग लावला तर तो 'नट्टापट्टा'. विजयी पहिलवान गुलालाने माखून निघतो, त्याला कोणी नटवा म्हणत नाही. बालगंधर्वांनी शालू नेसून रंगमंचावर यावे आणि साऱ्या महाराष्ट्राने त्या रूपाचे कौतुक करावे, ही आपली अभिमानाची परंपरा. मग दहा वर्षांच्या मुलीच्या गालावरच एवढी नजर का?

आता त्या माउलीकडे वळतो. पुढे चौकशी करता कळले की त्या घरी बसून साड्यांवर खडे व टिकल्या चिकटविण्याचे काम करतात. सुरत शहराला जरीची परंपरा आहे आणि कापडाचा व्यापार तर जगजाहीर. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीकाठच्या रेल्वेने आपली माणसे आली. पुरुष मागावर आणि गिरणीत उभे राहिले, बायकांनी घरात धागे कापले, खडे लावले. नवागाम, डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत दुपारी कोणत्याही गल्लीतून जा, उंबऱ्याशी साडी पसरून बसलेली बाई दिसेल. जी चमक ती दिवसभर परक्यांच्या साड्यांवर लावते, तिच्यातील चिमूटभर तिने आपल्या लेकीच्या गालाला लावली. तान्हेपणी हिच्याच गालाला तिने तीट लावली होती, नजर लागू नये म्हणून. आता सर्वांची नजर आपल्या लेकीकडे जावी, असे तिला वाटले. दोन्हींत माया एकच होती, आणि मी तिला तमाशा म्हणालो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चमकीला विरोध करणारे जसे मताला नियम करतात, तसे तिचे समर्थकही करतात. काही ठिकाणी संघातल्या प्रत्येक मुलीने अमुकच लाली, अमुकच खडेजडित पोशाख घ्यावा, असा आग्रह धरला जातो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मुलींच्या एकेका पोशाखावर सुमारे १० हजार स्फटिक जडविलेले होते. ते दूरदर्शनवर पाहून आपल्याकडच्या पालकांनाही वाटते की लखलखल्याशिवाय गुण मिळत नाहीत. ज्या घरात महिन्याचे भाडे कष्टाने निघते, तेथे हा खर्च कोठून यावा? आणि ज्या मुलीला चेहरा रंगवून घ्यायचाच नाही, तिचे काय? नाकापेक्षा मोती जड होऊ नये, असे आपल्या बायका म्हणत आल्या आहेत. १९७६ साली मॉन्ट्रियलला १४ वर्षांची नादिया कोमानेची साध्या पांढऱ्या पोशाखात खेळली आणि तिला पूर्ण १० गुण मिळाले. गुणफलकाला तो आकडा दाखविता येईना, म्हणून त्याने १.०० दाखविला.

हा प्रश्न मुलींच्याच वाट्याला का येतो, याचाही विचार व्हावा. फ्लोअर एक्सरसाइज हा प्रकार मुलगे आणि मुली दोघेही करतात. मुली संगीतावर करतात, मुलगे संगीताविना. मुलींकडून कसरतीबरोबर लालित्याचीही अपेक्षा असते, आणि लालित्याचे गुण पंचांच्या डोळ्यांतून येतात. म्हणून आया आणि प्रशिक्षक त्या डोळ्यांची मनधरणी करू लागतात. त्यातच वयाचा प्रश्न. वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी मुलींचे किमान वय १९९७ पासून १६ करण्यात आले, ते लहान मुलींच्या अंगावर मोठ्यांचा भार पडू नये या काळजीपोटी. शालेय स्पर्धेत दहा वर्षांच्या मुलीला प्रौढ स्त्रीसारखे रंगविणे हाही एक भारच आहे, हे मी मान्य करतो.

तरीही निर्णयात मुलीचा आवाज असावा. २०२१ च्या एप्रिलमध्ये बाझेल येथील युरोपीय स्पर्धेत जर्मनीच्या सारा फॉस हिने घोट्यापर्यंत पाय झाकणारा पोशाख घातला. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये तिच्या साऱ्या संघाने तो घातला. त्यासाठी नियम मोडावा लागला नाही. तशी मुभा संहितेत आधीपासूनच होती. रूढीच्या दडपणाने तिचा वापर होत नव्हता. ज्यात निर्धास्त वाटेल ते आपण निवडावे, एवढेच त्या मुलींचे म्हणणे होते. पाय झाकणारी मुलगी आणि गालाला चमकी लावणारी मुलगी यांचे मागणे मला एकच वाटते : माझ्या अंगाविषयी बोलताना मलाही विचारा.

म्हणून या शाळेला माझी नम्र सूचना आहे. आपल्या स्पर्धांच्या माहितीपत्रकात चार ओळी छापाव्यात. गळणारी चमकी व सुटे खडे चालणार नाहीत. हाताला व तळव्याला प्रसाधन नसावे. हलकी रंगभूषा ऐच्छिक आहे; ती केल्याने गुण वाढणार नाहीत आणि न केल्याने कमी होणार नाहीत. हरकत असल्यास ती प्रशिक्षकाकडे, एका बाजूला आणि खेळ सुरू होण्यापूर्वी घेतली जाईल. याउपर कोणाला काही वाटत असेल तर ते त्याचे मत. त्याने ते घरी न्यावे.

गुरुजींच्या हाताखाली शिकलेले माजी विद्यार्थी मला सांगतात की ते मैदानावर कधी कोणाला चारचौघांत बोलले नाहीत. चूक झाली की मुलाजवळ जात आणि त्याच्या कानाशी वाकून सांगत. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर मला त्यांच्याकडून एवढेच शिकायचे राहिले होते.

ती मुलगी त्यानंतर वर्षभर बीमवर चढली नाही, असे मला समजले. पुढे चढली, आणि आता ती लहान मुलींना शिकविते. तिची आई आज या सभागृहात आहे किंवा नाही, हे मला ठाऊक नाही. असतील, तर ताई, त्या दिवशी चारचौघांत बोललो, म्हणून आज चारचौघांतच क्षमा मागतो.