वहीबाहेरचे आकडे

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलचा सामना सुरुवातीला कंटाळवाणाच वाटतो. बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर माझेही तसेच झाले. मला त्या खेळात गुंतवले ते शेजारी बसलेल्या एका आजोबांनी. मांडीवर छापील तक्ता, हातात पेन्सिल, आणि प्रत्येक फलंदाजागणिक एका चौकटीत बारीकशी खूण. अशा नोंदींची शिस्त बेसबॉलला लावली ती हेन्री चॅडविक यांनी. जन्माने इंग्रज, आणि आधी क्रिकेटचे वार्ताहर! म्हणजे आकड्यांचे हे वेड आपल्या ओळखीच्याच घरातून तिकडे गेलेले.

या खेळात आकड्यांच्या गमतीही फार. स्टॅन म्युझिअल या खेळाडूने कारकिर्दीत ३,६३० यशस्वी फटके मारले. त्यांतले १,८१५ घरच्या मैदानावर आणि १,८१५ परक्या मैदानांवर. ठरवून कोणाला जमायचे नाही!

फेनवे पार्कवर उजव्या अंगाला, सगळ्या हिरव्या खुर्च्यांत एकच खुर्ची तांबडी आहे. ९ जून १९४६ रोजी टेड विल्यम्सने मारलेला चेंडू ५०२ फुटांवर तिथे पडला. याच विल्यम्सची १९४१ सालची गोष्ट. बेसबॉलमध्ये दहा संधींत तीन वेळा यश मिळाले, तरी फलंदाज उत्तम मानला जातो. मोसमाच्या शेवटच्या दिवशी विल्यम्सची सरासरी होती ०.३९९५५. घरी बसला असता, तर पुढचा आकडा धरून ती ०.४०० अशीच छापली गेली असती. तो खेळला. एकाच दिवशी दोन सामने, आठ संधी, सहा यशस्वी फटके. सरासरी झाली ०.४०६.

वर्षानुवर्षे हा आकडा शेवटचा चारशेचा टप्पा म्हणून सांगितला गेला. पण तो कोणाच्या वहीतला? कृष्णवर्णीय खेळाडूंना तेव्हा मुख्य लीगची दारे बंद होती. त्यांच्या वेगळ्या लीग होत्या, मोसम लहान असत, नोंदी विस्कळीत. संशोधकांनी जुनी वर्तमानपत्रे चाळून एकेक सामना जुळवला, आणि २०२४ साली ते आकडे अधिकृत नोंदींत धरले गेले. जॉश गिब्सनची १९४३ सालची ०.४६६ ही सरासरी एका मोसमाच्या यादीत पहिली आली. कारकिर्दीच्या यादीतही ०.३७२ सरासरीने तोच वर गेला.

हे पाहायला गिब्सन नव्हता. जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी तो गेला. त्यानंतर तीनच महिन्यांत जॅकी रॉबिन्सन मुख्य लीगमध्ये उतरला. १९६६ साली स्वतःच्या सन्मानसमारंभात गिब्सनसारख्यांना न्याय द्या, असे जाहीरपणे म्हणणारा खेळाडू कोण? तोच टेड विल्यम्स.

आकडा खोटे बोलत नाही, असे आपण म्हणतो. खरे आहे. पण आकडा मांडण्याआधी कोणीतरी ठरवलेले असते, कोणाला मोजायचे आणि कोणाला नाही. क्रीडांगण असो की जनगणना, कोष्टक हाती आले की बेरीज तपासावीच. पण कोणाची नावे त्यात नाहीत, हेही एकदा पाहावे.