सामायिक भांडार आणि सहलेखनाची शिस्त



आज विद्यार्थ्यांचे गट संगणकावर एकत्र लेखन करतात, आज्ञावल्या रचतात. अशा गटांसाठी शाळेचा स्वतःचा खासगी सर्व्हर असावा, असे मला वाटते. मराठीच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. माझ्या मते हा प्रश्न मुळात पाठचिकित्सेचाच आहे.

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. कोणता पाठ का स्वीकारला, याची त्यांची टिपणे मात्र आज आपल्यापाशी नाहीत. पुढील संशोधकांचे किती श्रम त्यामुळे वाढले, हे आपण जाणतोच.

चार शतकांनंतर, १९८४ मध्ये, अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठात डिक ग्रून हे अध्यापक दोन विद्यार्थ्यांसह सी भाषेचा कंपायलर लिहीत होते. तिघांच्या कामाच्या वेळा जुळत नव्हत्या. या अडचणीतून ‘सीव्हीएस’ ही व्यवस्था जन्मली. मूळ भांडार एकच. प्रत्येकाने आपली प्रत घ्यावी, बदल करावेत आणि ते भांडारात मिळवावेत. दोघांनी एकाच ओळीला हात घातला, तर यंत्र केवळ विरोध दाखविते. निवाडा माणसांनीच करावयाचा. २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी रचलेल्या ‘गिट’मध्ये तर सामान्यतः प्रत्येकाच्या प्रतीत भांडाराचा संपूर्ण इतिहासच असतो.

असा सर्व्हर उभारण्यास शाळेतील एखादा जुना संगणक आणि लिनक्स पुरेसे आहे. पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असावे; एकच पासवर्ड सर्वांनी वापरला, तर बदल कोणाचा हे कळणार नाही. प्रत्येक बदलासोबत त्याचे कारण एका वाक्यात लिहावे. बॅकअप दुसऱ्या इमारतीत ठेवावा आणि तो खरोखर उघडतो की नाही, हे अधूनमधून तपासावे. देखभालीस जबाबदार व्यक्ती नसेल, तर सर्व्हर न उभारणेच शहाणपणाचे.

गटात मोठ्या आवाजाच्या मुलाचे श्रेय सहज दिसते, अबोल मुलीचे काम पुसले जाते. अशी नोंदवही तिला न्याय देऊ शकेल. अर्थात नोंदींची संख्या म्हणजे गुणवत्ता नव्हे. ते वाचून समजून घेण्याचे कर्तव्य शिक्षकाचेच आहे.

दुसऱ्याचे लिहिलेले खोडण्यापूर्वी कारण सांगावे, एवढा संस्कार जरी या यंत्राने रुजविला, तरी ते आपल्या शाळेत शोभून दिसेल.