शुगर लपवू नका : दंडावरच्या सेन्सरने मला काय दाखवलं

(टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद, जि. जालना येथे रमजानच्या आधी झालेल्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मघापासून पुढच्या रांगेतल्या दोघीजणी माझ्या दंडाकडे बघताहेत, म्हणून आधी तेच सांगते. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, पांढरं, चिकटवलेलं हे जे दिसतंय, ते शुगर मोजणारं यंत्र आहे. परवा एसटीत एका खालांनी विचारलं, "हा ताईत कुठल्या दर्ग्याचा?" मी म्हटलं, "खाला, हा मेडिकलमधून आणलाय, आणि चौदा दिवसांनी काढून टाकायचा असतो."

मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. अकरा वर्षांपासून मला शुगर आहे. त्यातली पहिली सहा-सात वर्षं मी ती लपवण्यातच घालवली. आज बोलायचं आहे ते त्याबद्दल.

आधी यंत्राचं सांगते. याच्या खाली केसासारखी बारीक, अर्ध्या सेंटिमीटरची तार असते. ती कातडीखाली बसते. लावताना मुंगी चावल्याएवढंही दुखत नाही. कातडीखालच्या पेशींच्या मधे जे पाणी असतं, त्यातली साखर ती दिवसरात्र मोजते आणि आकडा मोबाइलवर येतो. शेजारी एक बाण असतो : साखर वर चाललीय, खाली चाललीय की स्थिर आहे. लक्षात ठेवा, हे रक्त मोजत नाही. त्यामुळे रक्तातल्या साखरेपेक्षा हा आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो. आणि यंत्र चुकतंही. एका रात्री दोन वाजता माझा अलार्म वाजला, आकडा ५८. घाबरून बोट टोचून पाहिलं तर ९६! मी त्याच दंडावर झोपले होते, दाब पडून आकडा खाली गेला होता. म्हणून अंगाला जाणवतंय एक आणि यंत्र सांगतंय दुसरं, असं झालं तर बोट टोचून खात्री करायचीच.

आता यानं मला काय दाखवलं ते ऐका. मी म्हणायची, मी गोड खातच नाही, माझी शुगर वाढते कशी? पहिल्याच आठवड्यात कळलं. सकाळी पोहे आणि दोन बिस्किटं बुडवून चहा घेतला की तासाभरात आकडा २४० च्या वर. दुपारी ज्वारीची भाकरी, मेथी आणि वरण खाल्लं तर १७० च्या आसपास. पण भाकरी दोनाच्या चार झाल्या की ज्वारीही वाचवत नाही. आणि जेवून पंधरा मिनिटं अंगणात चालले तर बाण वळताना मी डोळ्यांनी पाहिला. डॉक्टर हेच दहा वर्षं सांगत होते. डॉक्टरांचं ऐकून मी मान डोलवायची, स्वतःचा आकडा बघून मात्र सवय बदलली. साधारणपणे दिवसातला ७० टक्के वेळ साखर ७० ते १८० च्या मधे राहावी, असं तज्ज्ञ सांगतात. म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बायकांना हे माप वेगळं असतं, ते डॉक्टरांनाच विचारा.

काहीजण म्हणतील, आम्ही तर सडपातळ, आम्हाला कुठली शुगर? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी यावर आयुष्यभर काम केलंय. २००४ मध्ये त्यांनी आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापं 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापली. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपली हाडं बारीक दिसतात, चरबी आत दडलेली असते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचं दिसलं. हा आता शहरातल्या शेठजींचा आजार राहिलेला नाही.

आता रमजान. इथं मला माझी एक गोष्ट सांगायची आहे, जी मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. सतरावा रोजा होता. असरनंतर मी इफ्तारीची भजी तळत होते. घाम सुटला, हात थरथरायला लागले. वाटलं, चुलीची धग असेल. सूनबाई काहीतरी विचारत होती आणि मी भलतंच उत्तर देत होते. तिनं मला खाली बसवलं आणि साखरेचं पाणी पाजलं. नंतर बोट टोचलं तर आकडा ४८. गोळी नेहमीचीच घेतली होती, वर दिवसभर उपाशी. ती पोर नसती तर मी आज इथं उभी नसते. आणि मी काय केलं? शुद्धीवर आल्यावर तिच्यावर ओरडले, "सूर्य मावळायला एक तास राहिला होता, माझा रोजा का तोडलास?" चार दिवस तिच्याशी धड बोलले नाही. त्याची मला आजही लाज वाटते. सूनबाई इथं बसलीय. बेटा, सगळ्यांसमोर माफी मागते.

सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आजारी माणसाला स्पष्ट मुभा आहे. ते रोजे दुसऱ्या दिवसांत पुरे करावेत. ज्यांना झेपतच नाही त्यांनी गरिबाला जेवू घालावं. हे मला लहानपणापासून पाठ होतं. पण मुभा इतरांसाठी असते, आपण घ्यायची नसते, असं मनात कुठंतरी बसलेलं. बाईच्या मनात तर जास्तच. घरात कुणी आजारी पडलं तर आपण म्हणतो, "रोजा राहू दे". स्वतःची पाळी आली की म्हणतो, "मला काही होत नाही."

होतं. २००४ मध्ये १३ देशांतल्या बारा हजारांवर मधुमेही मुसलमानांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. दवाखान्यात न्यावं लागेल इतकी साखर खाली जाण्याचं प्रमाण रमजानमध्ये, आपल्यासारख्या टाइप २ वाल्यांत, साडेसात पट झालेलं दिसलं.

गेल्या रमजानला मी सेन्सर लावला. त्याआधी दोन महिने डॉक्टरांकडे जाऊन सहरीचा आणि इफ्तारचा डोस ठरवून घेतला. चार रोजे नीट गेले. पाचव्या दिवशी दुपारी साडेतीनला ७४ आणि बाण खाली. थोड्या वेळात ६८. मी उठले, पाण्यात तीन चमचे साखर घालून प्याले, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं. कुणावर ओरडले नाही. संध्याकाळी यजमानांना मोबाइल दाखवला. त्यांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "उद्या डॉक्टरांना फोन कर." याआधी मी कितीदा म्हटलं होतं, चक्कर येते. आकडा दाखवता येतो, चक्कर दाखवता येत नाही. डोस बदलला. त्या महिन्यात माझे एकोणीस रोजे झाले, बाकीच्यांचा फिदिया दिला. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही.

तर हे लिहून घ्या. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडायचा, वेळ कितीही राहिलेली असो. बरं वाटत नसेल तरीही सोडायचा. बोट टोचल्यानं किंवा सेन्सर लावल्यानं रोजा तुटत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि साखर खाली आणणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये. आणि मनानं गोळी बंदही करू नये. सहरी टाळू नका, शेवटच्या वेळेला करा. इफ्तारला खजूर एक-दोनच. मी तीन खजूर, सरबत आणि भजी एकदम घेतले तेव्हा आकडा २९० वर गेला होता.

आता पैशाचं. एक सेन्सर पाच हजारांच्या आसपास पडतो आणि चौदा दिवस चालतो. कापूस वेचणाऱ्या बाईला हे कसं सांगू? महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. म्हणजे पाय कापायची वेळ आली तर मदत, ती वेळ येऊ नये म्हणून काही नाही. ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. निदान इन्सुलिनवरच्या मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी.

तोवर हातावर हात धरून बसायचं नाही. गोळ्यांवर असलेल्यांना सेन्सर बारा महिने लागतोच असं नाही. वर्षातून एकदा चौदा दिवस लावला तरी आपलं ताट कळतं. तेही जमत नसेल तर साधा ग्लुकोमीटर घ्या. गल्लीतल्या चार घरांनी मिळून यंत्र घेतलं तरी चालेल. सुई मात्र ज्याची त्याची, आणि यंत्र दर वेळी पुसून. रमजानमध्ये सहरीआधी, दुपारी, असरला आणि इफ्तारनंतर दोन तासांनी मोजा, वहीत लिहा. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची शुगर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. आपण तिथं जात नाही, हा दोष आपला.

शेवटी एकच विनंती. घरी गेल्यावर आपल्या अम्मीला, सासूला, बायकोला विचारा, "तुमची शेवटची शुगर किती होती?" त्या म्हणतील, ठीक आहे. तेवढ्यावर उठू नका. आकडा विचारा.