सल्ला कोणाचा, विक्री कोणाची?

कपाशीवर कीड दिसताच शेतकरी प्रथम कोठे जातो? राष्ट्रीय नमुना पाहणीत २००३ साली शासकीय विस्तार कार्यकर्त्याकडून माहिती मिळवणारी शेतकरी कुटुंबे जेमतेम ५.७ टक्के आढळली. निविष्ठा विक्रेत्याकडून मिळवणारी १३.१ टक्के. दुकानदार सल्ला देतो, वर उधारीही. त्याला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु ‘किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठलेली नाही, फवारणी नको’ असे सांगण्यात त्याचा लाभ कोणता? यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले. द्राक्ष बागायतदार खासगी सल्लागाराचे शुल्क देऊ शकतो. कोरडवाहू कापूस उत्पादकाला ते कोठून परवडणार? त्याच्या बांधावर शासनाच्याच माणसाने, तेही ऐन हंगामात, गेले पाहिजे.