चेन उडते, पण दोष कुणाचा?

धारा काढून, भाकऱ्या उरकून रेडिओ लावलेल्या सगळ्या ताई, माई, आक्कांना आमच्या गटाचा रामराम. मागच्या वेळी आम्ही कर्जाच्या व्याजाचा हिशेब सांगितला होता. आज सायकलच्या चेनबद्दल बोलणार आहोत. हसू नका. या चेनपायी आमच्या गटातल्या एका मुलीची शाळा सुटता सुटता राहिली.

आमच्या एका ताईंची लेक नववीत शिकते. गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा चार किलोमीटरवर, आणि शाळेच्या वेळेला एसटी नाही. थोरल्या बहिणीने पाच वर्षं चालवलेली सायकल तिच्या वाट्याला आली. ओढ्याच्या पुलापुढे चढ आहे. तिथे ती उभी राहून पायडल मारत होती आणि चेन खट्‌कन उडाली. पायाखालचं पायडल एकदम निसटलं, पोरगी हँडलवर आदळली, हनुवटीला टाके पडले.

घरी आजी म्हणाल्या, "बास झालं शिक्षण. पोरीच्या जातीला चेहऱ्यावर डाग बरा नव्हं." चार दिवस मुलगी घरी बसली. आम्ही बैठकीत विषय घेतला आणि गटातून थोडे पैसे देऊन नवी चेन टाकायचं ठरवलं. दुकानदार म्हणाले, "नुसती चेन टाकू नका, मागचं फ्रीव्हीलही बदला." आम्हाला वाटलं, बायका बघून जादा माल गळ्यात मारतोय. आम्ही ठसक्यात सांगितलं, "फक्त चेन द्या."

दुसऱ्याच दिवशी सायकल पहिल्यापेक्षा जास्त उडायला लागली. आम्ही दुकानात भांडायला गेलो. त्यांनी सायकल उलटी केली आणि आम्हाला फ्रीव्हीलचे दाते दाखवले. चूक आमचीच होती. त्या दिवशी जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी चेन का खराब होते ते समजून घेऊ. चेन ताणून लांब होत नाही. प्रत्येक कडीत एक पिन असते. धूळ आणि तेल यांचा चिखल होऊन तो आत शिरतो आणि पिन घासत राहतो. एकेका कडीत केसाएवढी फट पडते. अशा शंभरावर कड्यांची फट एकत्र झाली, की चेन लांबते. लांबलेली चेन दात्यांच्या खाचेत नीट बसत नाही. ती दाते खाते आणि दातेही तिच्यासारखेच झिजतात. जुनी चेन आणि जुने दाते एकमेकांना सांभाळून घेतात. त्यात नवी चेन आली, की तिच्या कड्यांचं माप झिजलेल्या दात्यांशी जुळत नाही. जोर दिला, की ती दात्यावर चढते आणि उडते. आमचं नेमकं हेच झालं होतं.

आता सायकल दुकानात नेण्याआधी घरीच दुखणं ओळखायचं. सायकल स्टँडवर उभी करा, पदर खोचा, ओढणी मागे बांधा. लेकरांना बाजूला बसवा. पायडल फिरत असताना चेन आणि दाते यांच्या जवळ बोट न्यायचं नाही, बोट तुटतं.

पहिली खूण. सपाटीवर सायकल ठीक चालते, पण चढाला किंवा मागे ओझं असलं की खट्‌कन उडते. तर चेन किंवा दाते झिजलेत.

दुसरी खूण. जोर न देता, स्टँडवरही ठरावीक फेऱ्यांनी चेन एकाच जागी उसळते. तर एखादी कडी गंजून आखडली आहे. पायडल उलटं हळूहळू फिरवा. मागच्या चक्रावरून सुटताना जी कडी सरळ होत नाही, तीच ती. तिथे तेलाचा थेंब सोडा आणि कडी आडवी थोडी हलवून मोकळी करा. इथे काही विकत घ्यायची गरज नाही.

तिसरी खूण. पायडल फिरतं, चेनही फिरते, पण चाक जागचं हलत नाही. तर फ्रीव्हीलच्या आतले खटके अडकलेत किंवा झिजलेत. चेन बदलून काही उपयोग नाही.

चौथी खूण. पायडलच्या दर फेरीला, पाय एका ठरावीक जागी आला की कट्‌ असा आवाज येतो आणि पायाला हिसका बसतो. तर क्रँकची कॉटर पिन ढिली असू शकते. ती आधी बघा.

आणि चेन उडत नाही, सरळ खालीच पडते, तर बहुतेक ती ढिली आहे किंवा मागचं चाक तिरकं बसलंय.

आता चेन मोजायची. आपल्या साध्या सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच अंतर असतं. म्हणजे २४ कड्यांचे १२ इंच. सुताराकडची लोखंडी पट्टी घ्या. चेन ताणलेली असताना पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि पुढे २४ मोजा. ती पिन १२ इंचावर आली, तर चेन चांगली. अर्धा सूत पुढे गेली, तर चेन बदलायची वेळ झाली. एक सूत पुढे गेली, तर चेनीबरोबर फ्रीव्हीलही बहुतेक गेलंय. इंचाचे आठ सूत, हे आपल्याला घर बांधताना गवंड्याकडून ठाऊक आहेच. आमच्या त्या चेनची पिन एक सुताच्याही पुढे गेली होती.

मग दाते बघा. चांगला दाता दोन्ही बाजूंनी सारखा असतो. झिजलेला दाता विळ्याच्या टोकासारखा एका बाजूला वाकतो आणि त्याची खाच रुंद होते. पुढच्या मोठ्या चक्राचे दातेही बघा. पुढचं चक्र मोठं, दाते जास्त, म्हणून ते हळू झिजतं. मागचं लहान, ते आधी जातं. पुढचे दाते सरळ असतील तर ते चक्र उगाच बदलू नका.

दुकानात जाताना फ्रीव्हीलचे दाते मोजून जा आणि तेवढ्याच दात्यांचं मागा. जुनं फ्रीव्हील काढायला वेगळा पाना लागतो आणि जोरही लागतो, कारण प्रत्येक पायडलला ते अजून घट्ट होत जातं. हे काम मिस्त्रींकडून करून घ्या, पण शेजारी उभं राहून बघा. नवं बसवण्याआधी आट्यांना ग्रीस लावायला सांगा, आणि सुरुवातीचे आटे हातानेच फिरवायचे. तिरकं बसलं तर चाकाचा हब वाया जातो.

नवी चेन जुनीशेजारी ठेवून तोडू नका. जुनी लांबलेली असते, म्हणून कड्या मोजूनच तोडायची. चेनलॉकची क्लिप माशासारखी दिसते. एक टोक बंद, एक उघडं. चेन ज्या दिशेने धावते, त्या दिशेला बंद टोक हवं. वरच्या बाजूची चेन पुढे धावते, म्हणून क्लिप वर असताना बंद टोक हँडलकडे. उलटी बसली तर रस्त्यात कशाला तरी अडकून निघू शकते.

मागचं चाक घट्ट करताना चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली करून बघा. साधारण अर्धा इंच हालचाल हवी. पायडल पूर्ण फिरवून तीन-चार जागी तपासा. चाक दोन्ही दांड्यांच्या मधोमध हवं. चाक सरकलं की ब्रेकही बदलतो, म्हणून ब्रेक तपासल्याशिवाय मुलीला रस्त्यावर सोडू नका.

पुढे काळजी काय? महिन्यातून एकदा, आणि पावसात भिजली की लगेच, चेन फडक्याने पुसा. मशीनचं तेल एकेका कडीवर एकच थेंब सोडा. पायडल फिरवा आणि वरचं तेल पुसून टाका. तेल कडीच्या आत हवं, बाहेरच्या तेलाला धूळ चिकटते. गोडेतेल घालू नका, ते वाळून चिकट होतं. वेळेत चेन बदलली, की फ्रीव्हील वाचतं. म्हणजे थोडक्या खर्चात मोठा खर्च टळतो.

आमच्या गटाने आता लोखंडी पट्टी, पाने आणि तेलाची कुपी एका डब्यात ठेवली आहे. महिन्याच्या बैठकीला मुली सायकली घेऊन येतात. वसुली होईपर्यंत त्या ओट्यावर चेन मोजतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या कित्येक गरजू मुलींना सायकली मिळाल्या. ती सायकल चालू ठेवणं मात्र आपल्या हातात आहे.

आणि त्या दुकानदारांची आम्ही बैठकीत बोलावून माफी मागितली. फसवणूक होऊ नये म्हणून सावध राहावंच. पण आपल्याला मोजता येत नसलं, की खरं सांगणाराही आपल्याला फसवाच वाटतो.

ती मुलगी शाळेत जाते आहे. पुलाचा चढ उभी राहून चढते. आजी अजून कुरकुरतात, पण सकाळी दप्तर कॅरिअरला बांधून देतात आणि विचारतात, "चेन पाहिलीस का गं?"

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना तुमच्या लेकीसुनांच्या सायकली घेऊन या. पट्टी विसरू नका. रामराम.