जन्मजात म्हणजे आईचा दोष नव्हे



बचत गटाच्या बैठकीत हप्ते, व्याज, कर्ज उरकलं की आपण घरचं बोलू लागतो. आमच्या गटात असाच एका बाळंतिणीचा विषय निघाला. बाळाचा वरचा ओठ फाटलेला. सासरी म्हणाले, "हिनं ग्रहणात भाजी चिरली." दवाखान्याच्या कागदावर 'जन्मजात' असं लिहिलेलं. त्याचा अर्थ घरात निघाला, "म्हणजे हिच्या माहेरच्या रक्तातच आहे." एका शब्दावरून बाईला बोल लागला. म्हणून आज या शब्दाविषयीच बोलू या.

जन्मजात म्हणजे जन्माच्या वेळी असलेलं. एवढंच. हा शब्द केव्हापासून ते सांगतो, कशामुळे ते सांगत नाही.

आनुवंशिक हा शब्द वेगळा. आनुवंशिक म्हणजे आईवडिलांकडून आलेलं. सिकलसेल हा तसा आजार. बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं, त्रास साधारण सहा महिन्यांनंतर सुरू होतो. आणि हा आजार होतो तेव्हा दोष आई आणि बाप अशा दोघांकडूनही आलेला असतो. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक इतकी शक्यता असते. मग एकटी आई कशी दोषी?

काही व्यंगं रक्तातून आलेली नसतात. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला, तर बाळाचं हृदय, डोळे, कान यांना इजा होऊ शकते. आईची साखर ताब्यात नसेल, दारू असेल, न विचारता घेतलेली काही औषधं असतील, तरी धोका वाढतो. जवळच्या नात्यातल्या लग्नातही काही आजारांचा धोका वाढतो. आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही नेमकं कारण सापडत नाही. पण ग्रहण, विळी, नजर, करणी यांचा काडीचा संबंध नाही.

आता उपायाचं. वाकडी पावलं घेऊन आलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांतच न्यावं. दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करतात. पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना खास बूट घालावे लागतात. पाय सरळ दिसला म्हणून बूट सोडले, तर पाऊल पुन्हा वाकडं होतं. फाटलेला ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात शिवतात. टाळूही फाटलेली असेल, तर दूध कसं पाजायचं ते नर्सताईंकडून पहिल्याच दिवशी शिकून घ्या.

काही जन्मजात गोष्टी वरून दिसतच नाहीत. थायरॉइडची कमतरता टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून कळते. वेळेत गोळी सुरू झाली तर मुलाची बुद्धी शाबूत राहते. हृदयाला छिद्र असेल, तर बाळ दूध पिताना दमतं, घामेजतं, वजन धरत नाही. असं दिसलं तर "लहान आहे, होईल बरं" म्हणून थांबू नका.

सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा पथक येतं. पुढचे उपचार, शस्त्रक्रियासुद्धा, मोफत असतात. पथक येईल त्या दिवशी व्यंग असलेलं मूल घरात लपवू नका. त्याच्यासाठीच तर पथक येतं.

आणि नव्या सुनांसाठी एक गोष्ट. बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांतच आकार घेतात. तेव्हा बाईला दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी मूल हवं असं ठरलं की आधीपासून घ्यायची. आशाताईंना विचारा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या वस्तीतलं एक तरी असं बाळ डोळ्यांसमोर आणा. त्याला दवाखान्यात कोण नेणार, प्रवासखर्चासाठी गटातून किती द्यायचे, ते ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. त्याच्या आईशीही बोला. "तुझं काही चुकलं नाही" हे तिला आजवर कुणी म्हटलेलं नसेल.